झिपरूआबांची आक्का

झिपरूआबांचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा राग येतो आणि जातो, त्याला चार शिव्या घातल्या की मोकळं होता येतं. आबांना शिव्याही घालता यायच्या नाहीत आणि त्यांचं काम सोडूनही देता यायचं नाही. चार वर्षं त्या माणसाने माझ्या दुकानाची पायरी झिजवली, माझं डोकं खाल्लं, आणि शेवटी, जेव्हा सगळं जुळून आलं तेव्हा... पण ते मागाहून सांगते.

जळगावला कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे, बाकी गाऱ्हाणी तीच. सातबाऱ्यावर नाव चुकलं, रेशनकार्डात सून घालायची राहिली, शेजाऱ्याने बांध कोरला. अर्ज कसा लिहिला की साहेब वाचतात आणि कसा लिहिला की फाइलला लावून ठेवतात, हे मला बरोबर कळतं, असा माझा समज होता. आबांनी तो पार धुळीला मिळवला.

पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरपाशी उभे राहून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. वाकून काउंटरखाली माझे पाय बघितले. सत्तरी ओलांडलेला, काळा, सडसडीत माणूस, धोतर-सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, बोली अहिराणी.

"ताई, डावी टाचले भेग पडेल शे. एरंडेल लावा, नही तं पिकी."

"काका, काम बोला."

"अर्ज करना शे. आक्काले भेटनं शे."

"आक्का कुठे असतात?"

"दुसरा राज्यमा. सरकारनी नेई ठेवेल शे."

मला वाटलं, तुरुंगात असेल बिचारी, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. असले अर्जही मी केलेत. 'माझी बहीण' असं टाइप करून मी वय विचारलं. साठ तरी असेल, म्हणाले. ओळखीची खूण विचारली. उजव्या कानाला खालून चीर, म्हणाले. मी तेही टाइप केलं. मग जरा आठवून म्हणाले, "आनि सोंडवर गुलाबी ठिपका शेतस."

माझी बोटं थांबली. मागे बाकावर दोन जण बसले होते, ते फिदीफिदी हसायला लागले. आबा नाही हसले. त्यांना वाटलं, ठिपके लिहायचे राहिले म्हणून मी थांबले.

आबा सर्कशीतले माहूत. मूळ गाव शिंदखेड्याकडचं. तरुणपणी गावात सर्कस आली आणि ती गेली तेव्हा हेही तिच्याबरोबर गेले. उभी हयात हत्तींमागे काढली. लग्न केलं नाही. सर्कस संपल्यावर जळगावात पुतण्याकडे राहायला आले आणि एका डाळमिलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथून चालत माझ्याकडे यायचे. रिक्षात कधी बसायचे नाहीत.

चालायची त्यांची एक तऱ्हा होती. कोणाबरोबरही चालले तरी त्याच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे. आणि डोळे सारखे रस्त्यावर. खिळा, काच, बाटलीचं बूच, जे दिसेल ते उचलून बाजूला टाकायचे. कचेरीसमोरचा रस्ता म्हणजे उकिरडा. तिथे हा माणूस दर चार पावलांवर वाकतोय, मागून दुचाकीवाले बोंबलताहेत, आणि मी उन्हात उभी. "आबा, हत्ती नाही चाललाय इथून, मी चाललेय," असं मी एकदा ओरडले. "तुम्हलेबी पाय शेतसच ना," ते म्हणाले.

ही सवय मिरवणुकीची. आता लोकांना सांगून पटत नाही, पण सर्कस यायची तेव्हा खेळ तंबूत सुरू व्हायच्या आधी रस्त्यावर सुरू व्हायचा. रेल्वेने सामान उतरायचं आणि हत्ती स्टेशनापासून मैदानापर्यंत गावातून वाजत-गाजत जायचे. मी स्वतः लहानपणी पाहिलंय. पुढे बँड, मग उंच बांबूंचे पाय लावलेला विदूषक, मग पाच हत्ती, मागच्याने पुढच्याचं शेपूट सोंडेत धरलेलं. बाया ताट घेऊन दारात उभ्या राहायच्या, सोंडेला कुंकू लावायच्या, गूळ द्यायच्या. भित्र्या पोरांना हत्तीच्या पोटाखालून काढायच्या, म्हणजे भीती जाते म्हणून. मलाही काढलं होतं. माझी भीती गेली की नाही ते माहीत नाही, पण तोंड तेव्हापासून सुटलं असं माझी आई म्हणायची.

तर आबा त्या मिरवणुकीच्या आधी, उन्हं वर आली की सगळा रस्ता अनवाणी चालून यायचे. कुठे तापतंय, कुठे खडी सांडली आहे, कुठे गटाराचं झाकण डगडगतंय. स्वतःच्या तळव्याला सोसलं तरच हत्ती काढायचे. दुसरे माहूत हसायचे त्यांना. एकदा धुळ्याला ऐन उन्हाळ्यात यांनी पाय टेकवला आणि डांबराला पाय चिकटला. झालं. हत्ती निघणार नाहीत म्हणाले. मॅनेजर थयथयाट करतोय, बँडवाले घामाघूम, रिक्षावरचा भोंगेवाला "हत्ती येत आहेत, हत्ती येत आहेत" ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय, आणि हे सावलीत आक्काच्या पायाशी मांडी घालून. नगरपालिकेचा टँकर आला, रस्ता भिजवला, यांनी पुन्हा अनवाणी चालून बघितलं, तेव्हा कुठे संध्याकाळी हत्ती हलले. मॅनेजरने भर रस्त्यात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. "दिन्या तं दिन्या," आबा म्हणायचे. "माले दिन्या ना. तिना पाय तं नही जयना."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे, ती मला आधी पटली नव्हती. अमळनेरला बाजाराच्या गल्लीतून मिरवणूक चालली होती आणि समोरून प्रेतयात्रा आली. गल्ली एवढीशी. मागे वळायला जागा नाही. बँड आपोआप थांबला. लोक मॅनेजरकडे बघताहेत, मॅनेजर लोकांकडे. आबा पुढे झाले आणि आक्काला म्हणाले, "बठ खाले, आक्का." ती बसली. तिच्यामागचे चारही तिचं बघून बसले. दोन्ही बाजूंनी वाट झाली आणि तिरडी पाच बसलेल्या हत्तींच्या अंगाला लागून पुढे गेली. खांदेकरी रडायचं विसरले होते, आबा म्हणाले. मी म्हटलं, आबा, जरा कमी सांगा. तर माझ्या दुकानात स्टँपपेपरला आलेला अमळनेरचा एक म्हातारा खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "बाई, ती तिरडी आमच्या काकांची होती." त्या दिवशी आबांना चहा मी पाजला.

"बठ खाले" हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. हत्तींची म्हणून एक भाषा असते. धत म्हटलं की थांबायचं, मैल म्हटलं की चालायचं. कुठल्याही प्रांतातला माहूत असो, तो हेच शब्द शिकतो आणि हत्तीही हेच शिकतो. म्हणजे माहूत बदलला तरी हत्तीचं अडत नाही. आबांनी आक्काला हे शब्द विसरायला लावले. तिला अहिराणी शिकवली. तीही साधी नाही. माय लेकीशी बोलते तशी. चालायचं असेल तर "चाल वं माय". थांबायचं तर "दम धर". आणि पाय वर उचलून द्यायचा असेल तर "काटा काढूत वं". हे ऐकलं की ती पाय मागे दुमडून यांच्या मांडीवर टेकवायची आणि हे नखं घासायचे, तेल लावायचे, तळव्यातले खडे काढायचे.

हे त्यांनी मला पहिल्या वर्षी मोठ्या फुशारकीने सांगितलं. मालकाने एकदा बाहेरून नवा माहूत आणला होता, नावाजलेला. आक्का त्याच्या हाती द्यायची आणि आबांना तंबूच्या कामाला लावायचं असं ठरलं. तो बिचारा सकाळपासून मैल मैल करत बसला. आक्का ढिम्म. दुपारी त्याने तिला सोंडेवर थापटलं, तर तिने त्याचा पटका उचलला आणि पाण्याच्या पिंपात बुडवला. तिसऱ्या दिवशी तो निघून गेला आणि मालक आबांच्या पायाशी. मी पोट धरून हसले होते. माझ्या मूर्खपणाची लाज वाटते आता.

मग कायदा आला. सर्कशीत हत्ती नकोत, असं ठरलं. योग्यच होतं ते, आबाही म्हणायचे, "तंबूमा साखळीवर काय जिनगानी शे का?" एका सकाळी ट्रक आले, साहेब आले, कागद आले. हत्तींना दूरच्या राज्यातल्या कुठल्याशा केंद्रात नेणार होते. तिथे झाडं आहेत, तळं आहे, डॉक्टर आहेत. बाकीचे चढले. आक्का चढेना. तासभर खटपट केली, शेवटी साहेब आबांना म्हणाले, तू चढव. आबांना वाटलं आपल्यालाही नेतील. ते पुढे झाले, "चाल वं माय, गावले जाऊत," म्हणाले, आणि ती चढली. फळी लागली. आबा पिशवी आणायला वळले तर साहेब म्हणाले, तुम्ही नाही, तिथे आमची माणसं आहेत.

"ताई, मी तिले खोटं सांगं," एवढंच ते दर वेळी म्हणायचे.

तर असा तो अर्ज. चार वर्षांत मी किती लिहिले ते मोजलं नाही, मोजलं असतं तर रडू आलं असतं. आधी वनखात्याकडे लिहिलं. त्यांनी कळवलं, विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. मग सरकारच्या ऑनलाइन तक्रारीवर टाकलं. तिथे जनावराचा प्रकार निवडायचा होता: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, इतर. मी 'इतर' निवडलं. आठवड्याभराने तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून फोन, "मॅडम, जनावर कुठे बांधलंय? पंचनाम्याला माणूस पाठवतो." मी कपाळाला हात लावला. एका कचेरीने विचारलं, अर्जदाराचा सदर हत्तीशी संबंध काय? आबा म्हणाले, बहीन लिखा. मी 'माजी माहूत' लिहिलं. तर उत्तर आलं, पुरावा जोडा. सर्कशीच्या हजेरीपटावर आबा तंबूमजूर म्हणून होते! माहूत म्हणून नाव त्या पटकेवाल्याचं होतं, तो गेला तरी कोणी खोडलं नव्हतं. आता ही कोणाची चूक म्हणायची? मी त्या दिवशी कीबोर्ड आपटला. दोन बटणं निघाली.

आबा शांत. त्यांच्या त्या शांतपणाचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा. उत्तर वाचून दाखवलं की म्हणायचे, "बरं. आते कोनले लिखूत?"

एकदा मी बोललेच. "आबा, काय करणार आहात भेटून? ती तिथे झाडाखाली सुखात असेल. तुम्ही इथे सुखात राहा ना!"

"तिना पाय देखना शे," ते म्हणाले. "एकडाव."

शेवटी मीच मोबाइलवर शोधायला लागले. असल्या केंद्रांची पानं असतात, देणगी द्या म्हणून फोटो टाकतात. बघता बघता एक फोटो आला. नाव भलतंच होतं, इंग्रजी फुलाचं. पण कानाला खालून चीर. मी आबांपुढे मोबाइल धरला. त्यांनी कान बघितला नाही, ठिपके बघितले नाहीत. पायच बघितला. पुढच्या उजव्या पायाला पांढरं बांधलं होतं.

"काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. स्वभावाने हट्टी. पायाला हात लावू देत नाही. नखाखालची जखम चिघळली आहे. उपचारासाठी दर वेळी भूल द्यावी लागते आणि या वयात ते धोक्याचं आहे.

आबा बाकावर बसले. बाहेर कोणी तरी झेरॉक्स झेरॉक्स करत होतं, त्याला मी हाकललं.

"हट्टी नही शे ती," ते म्हणाले. "तिले कोनी सांगंच नही. तठे कोन म्हनी, काटा काढूत? ताई, हाई मन्हं पाप शे. मी मुद्दाम शिकाडं तसं. ती दुसरानं ऐकाले नको, माले कोनी काढाले नको. माले वाटे, मी तिले जपी ऱ्हायनू. मी तिन्हा तोंडले कुलूप लाई दिन्हं."

मी पटकेवाल्याच्या गोष्टीवर हसले होते, ते आठवलं. भेटायचं, बघायचं, हे सगळं त्या क्षणी मागे पडलं. आता एकच काम होतं. तीन शब्द त्या केंद्रापर्यंत पोचवायचे, म्हणजे भूल न देता पाय धुता येईल.

तीन शब्द! पोचवून बघा. मी पत्रं पाठवली. "आपल्या प्रेमाबद्दल आभार, देणगीसाठी इथे दाबा," असं छापील उत्तर. फोन केला, तर एक दाबा, दोन दाबा. मग मी त्यांच्या प्रत्येक फोटोखाली लिहायला लागले. हरणाचा फोटो असो, माकडाचा असो, खाली माझं एकच: हत्तिणीला 'काटा काढूत वं' म्हणा, ती पाय देईल, आणि शेवटी माझा नंबर. लोक मला वेडी म्हणायला लागले. एकाने लिहिलं, या बाईला डॉक्टरची गरज आहे. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी म्हणाली, आई, तुला काय झालंय? मला काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं. आबा मात्र उत्तर आलं का म्हणून रोज येऊन विचारायचे, "काही ऊनं का?" आणि मी खेकसायचे, "नाही ऊनं!"

एका दुपारी फोन वाजला. हिंदी बोलणारी बाई, आवाज तरुण, वैतागलेला.

"आप ही रोज़ लिखती हैं वो काटा-वाटा?"

ती तिथली डॉक्टर होती. म्हणाली, उद्या पुन्हा भूल द्यायची आहे आणि मला भीती वाटते आहे. तुमचं खरं असेल तर आत्ता करून बघू, मी तिच्यासमोरच उभी आहे. मी व्हिडिओ लावा म्हटलं, आणि शेजारच्या रिक्षावाल्याला डाळमिलवर पिटाळलं. आबा आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात बसून आले.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. जाड लोखंडी कठडा, त्यामागे ती. म्हातारी झाली होती, गालफडं आत गेली होती. पाय जमिनीला न टेकवता जरासा उचलून धरला होता. आबांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे वाहायला लागले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"बाबा, बोलिए," डॉक्टर म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि ते मोबाइलसमोरून बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "तुम्ही म्हना."

"मी? आबा, चार वर्षं! चार वर्षं मी इथे डोकं फोडतेय आणि आता तुमच्या तोंडाला काय झालं?"

"हळू बोला," ते म्हणाले. "मन्हा आवाज कानवर पडना तं ती माले धुंडत ऱ्हाई. मंग जलमभर दुसरानं ऐकाव नही. तुम्ही म्हना."

मला इतका संताप आला होता की काय सांगू. दुकानात तोवर दहा-बारा माणसं जमली होती. रिक्षावाला, स्टँपवाला, दोन वकील. मी मोबाइल तोंडाशी धरला आणि म्हटलं, "काटा काढू या गं."

काही नाही. हत्तीण तशीच उभी. डॉक्टरचा चेहरा पडला.

"तसं नही," आबा भिंतीपासून कुजबुजले. "तुम्हनी माय कशी म्हने?"

माझी आई धुळ्याकडची. घरात अहिराणीच बोलायची. मी शाळेत जायला लागल्यापासून तिला चारचौघांत गप्प करायचे, मला लाज वाटायची. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली. मी डोळे मिटले आणि ती म्हणायची तसं म्हटलं, "काटा काढूत वं, आक्का."

तिचा एक कान हलला. मग तिने सगळं अंग डाव्या बाजूला रेललं, तो दुखरा पाय हळूहळू मागे दुमडला आणि कठड्याच्या आडव्या दांडीवर आणून टेकवला. तिकडे डॉक्टर किंचाळली. इकडे दुकानात कोणी तरी शिट्टी मारली, त्याला वकिलांनी दाबलं.

"फिर से, फिर से बोलिए," डॉक्टर म्हणाली. मी म्हटलं. मग तिला म्हणायला लावलं. तिचं 'काढूत' काही जमेना, पण चौथ्यांदा तिने म्हटलं आणि आक्काने पाय दिला. आबांनी ते ऐकलं. मग बाकावर बसून त्यांनी सगळे शब्द हळूच माझ्या कानात सांगितले, मी टाइप केले, पाठवले. डॉक्टर म्हणाली, बाबांना दाखवा, मला त्यांना नमस्कार करायचाय. मी वळले तर बाक रिकामा.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. काय म्हणून येतील, अर्जच उरला नव्हता. मी मात्र चरफडत राहिले. माणसाने एकदा नुसतं 'आक्का' म्हणायला काय हरकत होती? तिला कळलं तरी असतं की हा आहे, मेला नाही. मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडायचे.

महिन्याभराने डॉक्टरचा निरोप आला तेव्हा मी स्वतः डाळमिलवर गेले. दुपारची वेळ, फाटकाबाहेर स्टुलावर आबा बसले होते. मला बघून उठले, आधी माझ्या टाचा बघितल्या.

"जखम भरली आबा," मी म्हटलं. "भूल द्यावी लागत नाही. सगळ्यांना शब्द पाठ झालेत. झाडूवाला म्हणाला तरी पाय देते."

"झाडूवाला?"

"कोणीही म्हणा. आता कोणाचंही ऐकते."

"बरं व्हयनं," ते म्हणाले. हसले. मग उगाच सदऱ्याची बाही नीट केली.

"एक शब्द मात्र राहिलाय म्हणे," मी म्हटलं. "रोज दिवस कलला की ती रस्त्याकडच्या कठड्याशी येऊन उभी राहते. आत झाडांत जाता जात नाही. डॉक्टर विचारते, तिला 'जा' कसं म्हणायचं?"

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"जा?" ते म्हणाले. "जा असं मी तिले कधी म्हनंच नही, ताई."

"एकदाही नाही?"

"काबर म्हनू?"

इतकी वर्षं ज्यांच्यावर तोंड टाकलं त्यांना मी खालच्या आवाजात विचारलं,

"मग काय कळवू त्यांना?"

रस्त्यावरून मालाचा ट्रक आला, फाटकासमोर थांबून भोंगा वाजवायला लागला.

"त्यासले सांगा, तो शब्द तुम्हीच शिकाडा," आबा म्हणाले. "तुम्हना बोलीमा. प्रेमथीन शिकाडा म्हना."

मग ते वळले आणि त्यांनी फाटकाची दोन्ही दारं उघडली. ट्रक आत गेला. मागे दुसरी गाडी नव्हती. ड्रायव्हर आतून ओरडला, "आबा, लाव ना फाटक!" मी कोपऱ्यावर जाऊन मागे बघितलं तेव्हाही आबा दार धरून तसेच उभे होते, आणि फाटक सताड उघडं होतं.